एसटीपीचं पाणी मातीतून गाळून बागेला वापरायचंय? मग आधी वाफसा समजून घ्या

आमच्या सोसायटीत एसटीपी आहे, म्हणजे सांडपाणी साफ करणारा प्लांट, पुण्यात आता बहुतेक मोठ्या सोसायट्यांमध्ये असतोच, आणि दर उन्हाळ्यात तेच चित्र, एकीकडे बागेसाठी टँकर मागवायचा आणि दुसरीकडे एसटीपीतून निघालेलं पाणी गटारात सोडून द्यायचं. का सोडायचं तर पाणी जरा पिवळट दिसतं, दुपारी वास मारतं, ड्रिपच्या नळ्या महिन्याभरात चोंदतात आणि मग लोक म्हणतात नको ते पाणी. मला हे बघवेना. पाणी आधीच ८०-९० टक्के साफ झालेलं आहे, वीज खर्च झालीय, माणूस ठेवलाय, आणि शेवटच्या थोड्याशा कामासाठी आपण ते टाकून देतोय. हे शेवटचं काम माती फार छान करते. आम्ही ते करून घेतलं, पहिल्यांदा पार फसलं, दुसऱ्यांदा जमलं, आणि आता रोज ५००० लिटर पाणी बागेला आणि पार्किंग धुवायला जातं. कसं केलं ते सगळं इथे लिहितेय, आकड्यांसकट, म्हणजे तुम्हाला आमच्यासारखं दोनदा खोदायला लागू नये.

आधी फसलेलं सांगते, कारण खरी गोष्ट त्यातच आहे. आम्हाला वाटलं माती म्हणजे माती, बिल्डिंगच्या खोदकामातली काळी माती ढिगाने पडलेली होती, तीच खड्ड्यात दोन फूट भरली, वर थोडा पोयटा टाकला आणि एसटीपीचा पाइप सोडून दिला, दिवसरात्र चालू. पहिले तीन-चार दिवस खालून नितळ पाणी आलं आणि आम्ही सगळे खूश. नवव्या दिवशी सकाळी बघितलं तर वर वितभर पाणी साचलेलं, कडेला गांडुळं मरून पडलेली, आणि माळीकाकांनी खुरप्याने थोडं उकरलं तर खाली सगळं काळंशार, चिकट, सडक्या अंड्याचा वास. काकांनी ती माती बोटात चोळली आणि म्हणाले, "ताई, हिला वाफसाच येऊ देत नाही तुम्ही. श्वास कोंडला तिचा, मग ती कुजणारच."

काका जुन्नरकडचे, आयुष्यभर शेती केलेली. वाफसा म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, शहरातल्यांसाठी सांगते. पाऊस पडून गेल्यावर जादाचं पाणी खाली उतरतं, मातीच्या कणांभोवती ओल राहते पण मधल्या पोकळीत हवा शिरलेली असते, माती मुठीत दाबली तर लाडू होतो पण हाताला चिखल लागत नाही, ती स्थिती. पाणी साफ करणारे जिवाणू त्या ओलीच्या पातळ थरात कणांना चिकटून राहतात आणि त्यांना ऑक्सिजन त्या पोकळीतून मिळतो. पोकळी सतत पाण्याने भरून ठेवली की ऑक्सिजन संपतो, मग दुसऱ्या जातीचे जिवाणू जोर धरतात, ते सल्फाइड करतात, काळा रंग आणि वास त्याचाच. म्हणून सगळ्या कामाचं सूत्र एकच, थोडं पाणी द्या, मुरू द्या, हवा शिरू द्या, मग पुन्हा द्या. खाली जे जे लिहिलंय ते सगळं याच्यासाठीच आहे.

हे काही नवीन नाही. अमेरिकेत फिनिक्सला सॉल्ट नदीच्या कोरड्या पात्रात १९६७ साली हर्मन बोवर यांनी फ्लशिंग मेडोज नावाचा प्रयोग सुरू केला, पात्रात लांबलचक वाफे करून त्यात शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी भरायचं, काही दिवस भरलेलं, काही दिवस कोरडं. इस्राएलने तर हे केवढं मोठं केलंय, तेल अवीवच्या आसपासच्या शहरांचं सांडपाणी शफदानच्या प्लांटमध्ये साफ होतं आणि मग किनाऱ्याजवळच्या वाळूच्या टेकाडांत सोडलं जातं, १९७७ पासून. तिथेही साधारण एक दिवस पाणी, मग दोन-तीन दिवस सुट्टी. पाणी वाळूतून खाली जमिनीतल्या साठ्यात जातं, तिथे महिनोन् महिने मुरतं, आणि मग भोवतीच्या विहिरींतून उपसून नेगेवच्या वाळवंटातल्या शेतीला जातं. वर्षाला सुमारे १३ कोटी घनमीटर. आपल्याकडे आयआयटी बॉम्बेच्या प्रा. एच. एस. शंकर यांनी सॉइल बायोटेक्नॉलॉजी उभी केली, तिच्यात खास तयार केलेली माती, गांडुळं आणि झाडं असं एकत्र काम करतं, पण ती सहसा मुख्य प्रक्रिया म्हणून वापरतात, आपण इथे बोलतोय ते एसटीपीनंतरच्या शेवटच्या गाळणीबद्दल.

एक मोठा फरक मात्र नीट लक्षात घ्या. इस्राएलच्या किनाऱ्याखाली वाळूचा जाड थर आहे, आपल्याकडे महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून जास्त भागाखाली बेसाल्टचा काळा दगड आहे. दगडात पाणी गाळलं जात नाही, ते भेगेतून सरळ पळतं आणि शेजारच्या सोसायटीच्या बोअरमध्ये जाऊन निघतं. त्यामुळे "जमिनीत सोडून देऊ, रिचार्ज होईल" हे आपल्याकडे करू नका, रिचार्ज पिटमध्ये तर अजिबात नको, तिथे फक्त छपराचं पावसाचं पाणी. आपण करायचं ते खालून प्लॅस्टिकचा कागद घातलेल्या बंद वाफ्यात, खालून पाणी गोळा करून टाकीत घ्यायचं.

आता कामाला लागू.

पहिलं, तुमचं एसटीपीचं पाणी मातीत सोडण्याच्या लायकीचं आहे का ते बघा. माती शेवटचा हात फिरवते, एसटीपी बिघडलेला असेल तर ती त्याची भरपाई करू शकत नाही. एक लिटरची पारदर्शक बाटली भरा, तासभर हलवू नका. तळाला तपकिरी कापसासारखा गाळ दिसला तर सेटलरमधून, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीतून, स्लज (जिवाणूंचा गाळ) वाहून येतोय, ते आधी ऑपरेटरकडून नीट करून घ्या, नाहीतर तुमचा वाफा पंधरा दिवसांत बुजलाच समजा. लॅबचा रिपोर्ट काढा, बीओडी (पाण्यात कुजणारी घाण किती ते सांगणारा आकडा) २० च्या आत आणि टीएसएस (तरंगणारे बारीक कण) ३० च्या आत असेल तर बिनधास्त पुढे जा. आणि पाणी कुठून घ्यायचं? सेटलरनंतरच्या टाकीतून, क्लोरीन टाकायच्या आधी. हे फार महत्त्वाचं आहे, बऱ्याच ठिकाणी ऑपरेटर हायपो, म्हणजे क्लोरीनचं द्रावण, त्याच टाकीत ओततो, ते क्लोरीन वाफ्यात गेलं तर तुम्ही पोसलेले जिवाणूच मरतात. डोसिंग पाइप पुढच्या टाकीत हलवायला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरं, माती. काळी माती नको, आमची कशी फसली ते वर सांगितलंच, ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, भिजल्यावर पाणी उतरत नाही आणि भेगाळल्यावर न गाळताच उतरतं. आपल्याला हवी ती वालुकामय माती, खरं म्हणजे वाळूच. दाणा केवढा हवा ते स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते, बारीक रव्यापासून जाड रव्यापर्यंत, म्हणजे साधारण ०.३ ते १ मिलिमीटर. मैद्यासारखं पीठ नको आणि साबुदाण्यासारखं जाड पण नको. सप्लायरकडे फिल्टर ग्रेडची सिलिका सँड मिळते, आपल्याकडे सिंधुदुर्गात कासार्डे भागात तिच्या खाणी आहेत. महाग वाटली तर क्रश सँड चालते पण धुतलेलीच, न धुतलेल्या क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी इतकी असते की ती खाली जाऊन सिमेंटसारखी बसते.

गाडी रिकामी करून घ्यायच्या आधी दोन टेस्ट गेटवरच करा. काचेच्या बरणीत १० सेंटिमीटर वाळू घ्या, पाणी भरून झाकण लावून खळखळून हलवा आणि तासभर ठेवा. वाळू लगेच बसेल, तिच्यावर बारीक गाळाची साय धरेल, ती साय ३ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर गाडी परत पाठवा किंवा धुऊन आणायला सांगा. दुसरी टेस्ट, मूठभर वाळूवर व्हिनेगर ओता. फसफसलं तर तिच्यात चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा आहे, तो हळूहळू विरघळून थर खचतो. आमची एक गाडी पहिल्या टेस्टमध्ये गेली, बरणीत बोटभर साय आली होती. ड्रायव्हर वैतागला खूप, पण ती बरणी समोर धरल्यावर त्याला काही बोलता येईना.

तिसरं, आणि हे कोणी करत नाही पण कराच, आधी ड्रममध्ये करून बघा. २०० लिटरचा निळा ड्रम घ्या, झाकणाची बाजू कापा, तळाशी कडेला एक नळ बसवा. खाली १५ सेंटिमीटर २० एमएमची खडी, वर ५ सेंटिमीटर बारीक खडी, मग ५ सेंटिमीटर ग्रिट, आणि मग ५० सेंटिमीटर धुतलेली वाळू. वर एक फरशीचा तुकडा ठेवा, पाणी त्याच्यावर ओतायचं म्हणजे वाळूत खड्डा पडत नाही. तळाचा नळ कायम उघडा, खाली बादली. ड्रमच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण पाव चौरस मीटर असतं आणि आपला हिशोब आहे एका चौरस मीटरला दिवसाला २०० लिटर, म्हणजे ड्रमला ५० लिटर. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा, दर वेळी १० लिटरची एक बादली. पहिला आठवडा निम्मंच पाणी द्या.

पहिले आठ-दहा दिवस काही खास दिसणार नाही, वास कमी होईल पण पिवळटपणा राहील, कमिटीतलं कोणी ना कोणी येऊन "काय उपयोग" म्हणेल, म्हणू दे. जिवाणूंना कणांवर घर करायला तीन ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त. आमच्याकडे साधारण चौथ्या आठवड्यात एके सकाळी मी बादलीत बघितलं तर तळावरचा कंपनीचा छाप स्वच्छ वाचता येत होता, आणि वास? पहिल्या पावसानंतर अंगणात येतो ना, तसा ओल्या मातीचा. मी ती बादली तशीच उचलून एजीएमला, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेला, नेली, शेजारी एसटीपीच्या न गाळलेल्या पाण्याची बाटली ठेवली, त्यानंतर बजेटवर फार चर्चा झाली नाही.

आता मोठा वाफा. ५००० लिटर रोज, भागिले २००, म्हणजे २५ चौरस मीटर एका वेळी चालू हवेत. पण आपल्याला सुट्टी पण द्यायचीय, म्हणून ५ मीटर बाय अडीच मीटरचे तीन वाफे करा, कधीही दोन चालू आणि एक सुट्टीवर. दर सोमवारी पाळी बदला, म्हणजे प्रत्येक वाफा दोन आठवडे काम आणि एक आठवडा आराम. जागा कमी आहे म्हणून दोनच वाफे करून दोन्ही कायम चालू ठेवू असा विचार मनात आला तर त्यापेक्षा पाणी कमी करा, ३००० लिटर करा, पण तिसरा वाफा ठेवाच.

जागा निवडताना एक गोष्ट. पोडियमवर, म्हणजे खाली पार्किंग असलेल्या स्लॅबवर हे करायचं नाही. ८५ सेंटिमीटर भरलेल्या ओल्या वाळूखडीचा एकेक वाफा २० टनांच्या घरात जातो. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय स्लॅबला हात लावू नका, जमिनीवरचीच जागा शोधा, कंपाउंडच्या कडेला असते थोडी. मोठ्या झाडाखाली पण नको, मुळं कागद फोडतात.

भिंती विटांच्या, एक मीटरपेक्षा थोड्या उंच. तळाला एका बाजूला उतार द्या, पाच मीटरला पाच सेंटिमीटर पुरे. तळ आणि भिंती आतून शेततळ्याच्या ५०० मायक्रॉनच्या कागदाने मढवा, कागदाखाली दोन बोटं माती-वाळू पसरा म्हणजे दगड टोचणार नाही. तळाला मधोमध चार इंची पीव्हीसी पाइप, त्याला खालच्या अंगाने ८ एमएमची भोकं, एक टोक भिंतीतून बाहेर टाकीकडे, आणि दुसरं टोक एल्बो लावून वर उभं, वाळूच्या वर फूटभर काढून ठेवा, वर जाळी. या उभ्या पाइपला लोक विसरतात, प्लंबर तर "कशाला पाहिजे" म्हणून कापूनच टाकतो. त्यातूनच खालच्या खडीत हवा जाते. वरून वाफसा आला आणि तळ कोंडलेला राहिला तर काय उपयोग?

भरायचे थर ड्रमसारखेच, फक्त वाळू ६० सेंटिमीटर. तिन्ही वाफ्यांना मिळून वाळू ८ ब्रास, मोठी खडी २ ब्रास, बारीक खडी आणि ग्रिट मिळून दीड ब्रास. खडी पण धुऊनच टाका. वाळू आणि खडीच्या मध्ये जिओटेक्स्टाइलचा कपडा घालायला कॉन्ट्रॅक्टर सांगतात, माझं मत, घालू नका. कपड्यावर बारीक गाळ आणि शेवाळासारखं बुळबुळीत साचतं आणि तो चोंदला की सगळा वाफा उपसावा लागतो, त्यापेक्षा जाड-मध्यम-बारीक असे थर नीट लावले की वाळू खाली जात नाही. वाळू भरताना १५-१५ सेंटिमीटरचे थर टाकून फक्त पाणी मारून बसवा, धुम्मस लावून ठोकू नका. आणि वाळूवर फळ्या टाकून त्यावरूनच चाला.

वाळूच्या खालच्या हातभरात धुतलेला जांभ्याचा चुरा मिसळला तर फॉस्फेट कमी होतं, जांभ्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम ते धरून ठेवतं. पण पाणी बागेला जाणार असेल तर फॉस्फेट खतच आहे, कशाला काढायचं? तळ्यात किंवा कारंज्यात सोडणार असाल तरच या भानगडीत पडा, कारण तिथे फॉस्फेटमुळे हिरवं शेवाळ माजतं.

पाणी वाटायला एक इंची पाइपच्या चार ओळी, दर ६० सेंटिमीटरला ५ एमएमचं भोक, भोक वरच्या बाजूला, म्हणजे पाइपातलं पाणी एकदम एका टोकाला पडत नाही, आणि त्यावर उलटी कौलं किंवा अर्धे कापलेले पाइप झाकण म्हणून. पंपाच्या पुढे ड्रिपवाला डिस्क फिल्टर लावा, तो रोज धुवायचा, दोन मिनिटांचं काम. टायमर दर दोन तासांनी, दिवसात १२ वेळा, एका वाफ्याला एका वेळी साधारण २१० लिटर. चौरस मीटरला १७ लिटर, म्हणजे वाफ्यावर जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर पाणी, पंधरा मिनिटांत मुरायला हवं, मग पुढचे पावणेदोन तास हवा. हेच पाणी सकाळी एकदम दिलं तर आकडा तोच राहतो पण पाणी भसकन खाली उतरतं आणि नीट साफ होत नाही, आम्ही टायमर बिघडला तेव्हा चार दिवस तसं चालवलं आणि लगेच वास परत आला. दोन्ही टाक्यांना फ्लोट स्विच लावा, पंप कोरडा फिरायला नको आणि गाळलेली टाकी ओसंडायला नको.

सुरुवात परत सावकाश. पहिला आठवडा पाव पाणी, दुसरा-तिसरा निम्मं, मग पूर्ण. या काळातलं पाणी एसटीपीच्या सुरुवातीच्या टाकीत परत सोडा.

देखभालीत मुख्य काम म्हणजे वरची साय. वाळूवर पातळ तपकिरी खवला धरतो, गाळण्याचं बरंचसं काम तिथेच होतं, त्यामुळे तो दिसला म्हणून घाबरायचं नाही. पण पाणी मुरायला तासाच्या वर लागायला लागलं की समजायचं आता जाड झाला. वाफा सुट्टीवर टाका, पाच-सहा दिवस कडक ऊन खाऊ द्या, खवला पापडासारखा उचकटतो, कडा वर वळतात, मग दाताळ्याने किंवा खुरप्याने वरचा एक-दीड सेंटिमीटर अलगद खरवडून काढा. कुदळ मारून खालीवर करायचं नाही, माळ्यांना सवय असते कुदळणीची, त्यांना आधी समजावून सांगा, कारण वरची घाण खाली मिसळली की ती परत वेगळी करता येत नाही. खरवडलेलं कंपोस्टमध्ये टाका, हातमोजे आणि गमबूट घालूनच. वर्षा-दोन वर्षांनी वाळू ४५ सेंटिमीटरवर आली की नवीन धुतलेली वाळू भरा. गवत उगवलं तर लहान असतानाच उपटा. वाफ्यावर कर्दळ-वाळा लावायचा मोह होतो, दिसतं छान, पण खरवडायला जागा राहत नाही, कडेला लावा हवं तर.

डासांचं सगळे विचारतात. पाणी पंधरा मिनिटांत मुरत असेल तर डास होणार नाहीत, अळीला साचलेलं पाणी काही दिवस लागतं. वाफ्यात डास दिसले तर पाणी साचतंय, मूळ दुखणं ते आहे. उभ्या पाइपाच्या तोंडाला आणि टाकीच्या झाकणाला जाळी मात्र हवीच.

आता क्लोरीन, गाळून झाल्यावर. मातीतून गेल्यावर रोगजंतू खूप कमी होतात पण शून्य होत नाहीत आणि बागेत मुलं खेळतात. ५००० लिटरला २ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन म्हणजे १० ग्रॅम, १० टक्क्यांचं ताजं हायपो १०० मिलिलिटर. हायपो उन्हात आणि जुनं झालं की उतरतं, म्हणून मापावर विसंबू नका, अर्ध्या तासाने ओटी किटने (क्लोरीन मोजायच्या किटने) तपासा, ०.५ ते १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या मध्ये क्लोरीन शिल्लक दिसायला हवं. एसटीपीच्या न गाळलेल्या पाण्यात हेच करायला दुप्पट-तिप्पट हायपो जातं कारण घाण ते खाऊन टाकते.

रोज बघायचं ते डोळ्याने आणि नाकाने, काचेचा ग्लास वर्तमानपत्रावर ठेवून वरून अक्षरं वाचता येतात का, आणि वास. पहिले तीन महिने दर महिन्याला, मग तीन महिन्यांनी एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधून बीओडी, टीएसएस, फीकल कॉलिफॉर्म (विष्ठेतले जंतू), नायट्रेट, टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती ते). तुमच्या एमपीसीबीच्या, म्हणजे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, कन्सेंटमध्ये (परवानगीपत्रात) जे आकडे लिहिलेत त्यांच्याशी जुळवा. अमोनिया जवळजवळ गायब आणि नायट्रेट वाढलेलं दिसेल, घाबरू नका, वाफा श्वास घेतोय याची ती खूण आहे, अमोनियाचं नायट्रेट ऑक्सिजन असेल तरच होतं. उलट अमोनिया परत दिसायला लागला तर समजा कुठेतरी कोंडलंय. बागेला नायट्रेट म्हणजे युरियाची बचत. पण हेच पाणी कोणाच्या बोअरमध्ये गेलं तर घातक, पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि तान्ह्या बाळांना त्याचा थेट धोका असतो, म्हणून वर रिचार्ज पिटबद्दल इतकं बजावून सांगितलं.

मातीला जे जमत नाही ते पण सांगते. मीठ निघत नाही. टीडीएस जेवढा आत तेवढाच बाहेर, उन्हाळ्यात वरून वाफ होऊन किंचित जास्तच. आणि त्यातलं सोडियम हळूहळू बागेची जमीन चोपण करतं, पाणी दिलं तरी मुरत नाही, वर पांढरी खपली, झाडं करपलेली, ऊसपट्ट्यातल्या लोकांना हे चांगलं माहीत आहे. सोडियम येतं कपड्यांच्या पावडरीतून आणि वॉटर सॉफ्टनर मिठाने धुतो त्या पाण्यातून. सॉफ्टनरचं ते खारं पाणी एसटीपीत घेऊच नका, वेगळं काढा. एसएआर ६ च्या वर जायला लागला तर बागेत जिप्सम टाका आणि पावसाळ्यात जमीन नीट धुतली जाईल असा निचरा ठेवा. औषधांचे अंश, रंग, रसायनं यातलं काही निघतं, काही नाही, त्यामुळे हे पाणी पिण्यासाठी नाही, स्वयंपाकाला नाही, कच्च्या खायच्या कोथिंबीर-पालकाच्या वाफ्याला नाही, आणि फवाऱ्याने उडवायचं नाही. ड्रिपने, पालापाचोळ्याच्या आच्छादनाखालून द्या. पाइप वेगळ्या रंगाचा ठेवा, नळावर मराठीत आणि हिंदीत पाटी लावा, "हे पाणी पिऊ नका", आणि नळाला काढता येणारी चावी लावा, कारण रंगकाम-बांधकाम करणारी माणसं तहानेने कुठल्याही नळाला तोंड लावतात, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आणखी एक, एसटीपीच्या बंद टाकीत कोणालाही उतरवू नका, पंप अडकला म्हणून पण नाही, मिनिटभरासाठी पण नाही. आत साचलेल्या विषारी वायूने माणसं जातात, पहिला पडला की त्याला काढायला उतरलेला दुसरा जातो. योग्य साधनं आणि ट्रेनिंग असलेल्या एजन्सीलाच बोलवा.

पावसाळ्यात बागेला पाणी लागत नाही आणि वाफ्यावर आभाळातूनच पाणी पडतं. आम्ही जून अखेरीला दोन वाफे बंद करतो, साय खरवडून उघडे ठेवतो, तळाचा पाइप उघडाच. तिसऱ्याला रोज चौथाई पाणी चालू, पार्किंग धुण्यापुरतं, म्हणजे एका वाफ्यात तरी जिवाणू जिवंत राहतात. दसऱ्याच्या आसपास उन्हं तापायला लागली की त्या चालू वाफ्यातली वरची दोन घमेली ओली वाळू काढून बंद असलेल्या दोन्हींवर विरजणासारखी पसरतो, पाव पाण्यापासून सुरुवात करतो, आणि नव्या वाफ्याला लागला होता त्याच्या निम्म्या वेळात पाणी नितळ येतं. गेल्या वर्षी बाराव्या दिवशी आलं, काकांनी वहीत तारीख घालून ठेवलीय.